डॉग शोच्या रिंगमध्ये जज नेमकं काय बघतो?

कोल्हापुरात डॉग शोला पहिल्यांदा आलेली पोरं हमखास विचारतात, "एवढा जबरदस्त कुत्रा, मग नंबर का नाही आला?" मी हँडलर म्हणून, म्हणजे कुत्रा जजला दाखवायला रिंगमध्ये उतरतो, कधी रिंग स्टुअर्डचं, म्हणजे जजच्या मदतनीसाचं कामही करतो. या क्षेत्रात येऊ बघणाऱ्यांनी आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. खासबागेत समोरच्याला चितपट केलं की कुस्ती संपली. रिंगमध्ये तसं नसतं. तिथं प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या ब्रीड स्टँडर्डशी, म्हणजे त्या जातीचा आदर्श कुत्रा कसा असावा याच्या लेखी वर्णनाशी ताडून बघतात. त्या वर्णनाच्या जो सर्वांत जवळ, तो पहिला.

आधी सगळे कुत्रे एकत्र गोल पळवतात, हँडलरच्या डाव्या हाताला ठेवून. मग एकेकाची तपासणी. दात, जबड्याची ठेवण, खांदे, छाती, पाठ, मांड्या जज हातानं चाचपतो, कारण दाट केसांखाली काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेत का, हेही बघतात. नंतर चाल. समोरून येताना कोपरं बाहेर फेकली जातात का, जाताना मागचे पाय एकमेकांकडे झुकतात का, बाजूनं बघताना पाठ स्थिर राहते का? माझ्या मते खरा निकाल इथंच लागतो. उभं करताना चांगला हँडलर थोडंफार झाकू शकतो, चालीत काही झाकता येत नाही.

आपल्याकडं गुबगुबीत लॅब्राडोरचं फार कौतुक. पण तो मुळात पाण्यातून शिकार आणून देणारा कुत्रा. चरबी हा त्याचा गुण नव्हे. मुळाशी जाड, टोकाकडे निमुळती शेपूट आणि पाणी न शिरणारी आतली लव, ही त्याची ओळख. याउलट आपला कारवान, म्हणजे मुधोळ. लांब निमुळतं डोकं, खोल छाती, वर ओढलेलं पोट. नवखा माणूस म्हणतो, "खायला घालत नाहीत काय?" सशामागं धावणाऱ्याला असंच अंग लागतं. इथल्या पोरांनी अभ्यासाची सुरुवात याच जातीपासून करावी असं मला मनापासून वाटतं. कर्नाटकातलं मुधोळ गाव आपल्यापासून फार लांब नाही, तिथं जाऊन चांगली जनावरं बघता येतात.

जातीतला विजेता पुढं त्याच्यासारख्या जातींच्या गटात जातो, गटांतले विजेते शेवटी बेस्ट इन शोसाठी उभे राहतात.

पिल्लाला लहानपणापासून रोज दात दाखवायची, अनोळखी हात अंगावर घ्यायची सवय लावा. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीचे कागद वेळेत करून ठेवा. आणि शो भरवणाऱ्या क्लबकडे स्टुअर्डच्या मदतीसाठी नाव द्या. दिवसभर जजच्या शेजारी उभं राहून जे दिसतं ते प्रेक्षकांतून दिसत नाही. निकाल लागेपर्यंत कुत्र्यांबद्दल अवाक्षर काढू नका. शो संपल्यावर मात्र विचारा, बरेच जज मोकळेपणानं सांगतात.