पीपी जास्त येतेय? आधी ताट मोजा

मधुमेह निघाला की घरात सगळ्यात आधी भात बंद होतो. तरीही जेवणानंतरची शुगर, म्हणजेच पीपी, २४० येते, कारण भाताच्या जागी आलेल्या दोन जाड भाकऱ्या कोणी मोजत नाही. ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीला ७० ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, त्यात ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे पचल्यावर ज्याची साखर होते तो भाग. ३० ग्रॅम पिठाच्या पातळ फुलक्यात वीसेक ग्रॅम आणि शिजलेल्या भाताच्या लहान वाटीत (१०० ग्रॅम) साधारण २८ ग्रॅम. म्हणजे दोन भाकऱ्या साडेतीन वाट्या भाताच्या घरात गेल्या. भाकरी खावीच, पण मोजून.

सुरुवात ग्लुकोमीटरने, म्हणजे घरी शुगर मोजायच्या यंत्राने करा. पहिला घास घेतला ती वेळ लिहा आणि बरोबर दोन तासांनी तपासा. दोन तास जेवून उठल्यापासून धरायचे नाहीत. त्याच जेवणाच्या आधीचाही आकडा हवा, कारण नुसत्या '१९०' वरून काहीच कळत नाही. आधी १७० असेल तर जेवण ठीक आहे, अडचण आधीपासूनची आहे. आधी ११० असेल तर दोष ताटाचा. दोन आकड्यांतला फरक ५०-६० च्या वर जात असेल तर त्या ताटात काय होतं ते पाहा. जेवणानंतर १८० च्या आत हे बहुतेक प्रौढांसाठीचं लक्ष्य आहे. गरोदरपणात ते बरंच खाली असतं आणि वयस्कर माणसांना डॉक्टर थोडी सूट देतात, तेव्हा आपला आकडा त्यांनाच विचारून घ्या.

हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावर शुगर खोटी वाढलेली दिसते. सुई बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांची डबी लगेच बंद करा, दमट हवेत पट्ट्या खराब होतात. चांगल्या मीटरमध्येही १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून १६० चे १७० झाले यावर झोप उडवू नका.

आता ताट. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा मासे, आणि भाकरी-पोळी किंवा भात शेवटी. तंतू आणि प्रथिनं आधी गेली की पोट सावकाश रिकामं होतं आणि शुगर चढते ती हळूहळू. पोळीही आणि भातही नको, एका वेळी एकच. बटाट्याची भाजी ही भाजी नव्हे, तिला भाताच्या खात्यात धरा. गूळ आणि मधही साखरेच्याच खात्यात.

मधुमेहात बऱ्याच जणांचं शरीर सकाळी इन्सुलिनला (साखर उतरवणाऱ्या संप्रेरकाला) कमी दाद देतं, त्यामुळे रात्री जेवढं पचतं तेवढंच सकाळी शुगर जास्त वाढवतं. पोह्यांची भरलेली बशी घेऊन वर गोड चहा आणि बिस्किटं म्हणजे ७० ग्रॅम कर्बोदकं सहज होतात. त्यापेक्षा मुगाच्या डाळीचं धिरडं बरं. पोहेच हवे असतील तर निम्मे घ्या, मटार-शेंगदाणे जास्त आणि सोबत एक उकडलेलं अंडं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांशी बोलून.

जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत १०-१५ मिनिटं चाला, घरातल्या घरात चाललात तरी चालेल. चालताना स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात. पहाटेचा तासभर फेरफटका चांगलाच, पण दुपारच्या जेवणाचा चढ तो उतरवत नाही.

पुरी-श्रीखंड, बिर्याणी अशा तुपातेलाच्या जेवणात दोन तासांचा आकडा फसवतो. तेव्हा तो १५० दिसतो आणि चार तासांनी २२० होतो. त्या दिवशी दोनदा तपासा. लॅबमध्ये पीपी द्यायला जाताना मात्र मुद्दाम हलकं जेवू नका, तसं केलं तर डॉक्टर चुकीच्या आकड्यावर गोळी ठरवतील.

एका वेळी एकच बदल करा आणि तेच जेवण तीन दिवस तपासा. भात कमी केला, चालायला लागलात आणि मेथीचं पाणीही सुरू केलं, तर गुण कशाचा ते कळणार नाही.

गोळ्यांची वेळ पाळा. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा जेवणानंतर घेतली की पोट कमी बिघडतं. ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी गोळी घेऊन जेवण चुकवलं तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. व्होग्लिबोज चालू असेल तर घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, कारण ती गोळी साखर फुटणंच लांबवते. ग्लुकोज पावडरच खिशात ठेवा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. शुगर ३०० च्या वर आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल तर त्याच दिवशी, वाट न पाहता.