आयोवात नेट गेलं तरी रस्ता चुकू नये म्हणून

अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी डी मॉईन मागे टाकली की दोन्ही बाजूंना नुसता मका. त्यात मोबाईलची रेंज गेली की प्रत्येक चौक सारखाच दिसतो. अशा वेळी काउंटी रोडची (म्हणजे जिल्हा रस्त्याची) पाटी वाचा, तीच होकायंत्राचं काम करते.

१. पाटी निळी, पंचकोनी असते आणि अक्षरं पिवळी. (पांढऱ्या वर्तुळात नुसता आकडा असेल तर तो राज्य महामार्ग.)

२. आधी इंग्रजी अक्षर बघा. ए ते जे असेल तर रस्ता साधारण पूर्व-पश्चिम. ए म्हणजे वर मिनेसोटाच्या हद्दीकडे, जे म्हणजे खाली मिसूरी राज्याकडे. जे-४० दिसला की समजायचं, आपण राज्याच्या तळाशी आलो.

३. के ते झेड असेल तर रस्ता उत्तर-दक्षिण. के पश्चिमेला, झेड पूर्वेला मिसिसिपी नदीकडे.

म्हणजे ओळीने ई, मग एफ, मग जी अशा पाट्या ओलांडत असाल तर गाडी दक्षिणेला चालली आहे. आमच्या गाडीत हे काम मुलांकडे असतं, तेवढाच वेळ जातो.

एक मात्र सांभाळा. ‘लेव्हल बी’ आणि ‘स्वतःच्या जबाबदारीवर जा’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी दिसली तर पावसानंतर तिकडे वळूच नका. फोनचा नकाशा खुशाल तिकडून जवळचा रस्ता दाखवतो, पण ती निव्वळ मातीची वाट असते. चाक रुतलं की ट्रॅक्टरची वाट बघत बसावं लागतं.