नवीन भुंगेरा सापडलाय असं वाटतंय? मग पुढचं काम असं करा

रात्री जंगलात लाइट ट्रॅप (किडे ओढणारा दिवा आणि मागे पडदा) लावला, पडद्यावर एक भलताच वेगळा भुंगेरा येऊन बसला आणि कुठल्याच पुस्तकात तो सापडत नाहीये, तरी लगेच नवीन प्रजाती म्हणून जाहीर करू नका. उष्ण कटिबंधात हे कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं कारण तिथले कितीतरी भुंगेरे पुस्तकात आलेलेच नाहीत. टेरी अर्विन या कीटकशास्त्रज्ञांनी पनामात एकाच जातीच्या 19 झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडून किडे खाली पाडले, आणि 1982 च्या पेपरात त्यातल्या भुंगेऱ्यांच्या प्रजातींचा हिशोब 1200 च्या आसपास गेला. म्हणजे नवीन काहीतरी हाताला लागणं तितकंसं अवघड नाही, ते आधी कुणी नोंदवलेलं नाही हे दाखवून देणं अवघड, सगळा जीव तिथेच जातो.

सुरुवात नमुन्यापासून. गोळा करायची परवानगी आधीच घेतलेली हवी, नंतर जुळवाजुळव होत नाही. एकच भुंगेरा असेल तरी नाव देण्याच्या नियमांप्रमाणे चालतं, पण शक्य तितके नर-माद्या मिळवा. एक-दोन नमुने थेट 95 टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये टाका, डीएनए काढायला लागतील. बाकीचे पिनवर, आणि पिन उजव्या पंखकवचातून, मधोमध नाही. लहान असेल तर कार्डाच्या टोकावर चिकटवा. लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी आणि कशाने पकडला हे सगळं त्याच दिवशी लिहा. दमट हवेत बुरशी फार पटकन धरते, तेव्हा नीट वाळवल्याशिवाय पेटीत ठेवू नका.

आता खरं काम. त्या जीनसमधल्या (जीनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) आजवर नोंदवलेल्या प्रत्येक प्रजातीचं मूळ वर्णन वाचायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, मग ते 1800 सालातलं लॅटिनमधलं दोन ओळींचं का असेना. आणि अशा दोन ओळींवरून काहीच कळत नाही, "काळा, चमकदार, पायावर केस" यात शंभर भुंगेरे बसतील. म्हणून होलोटाइप बघावा लागतो, म्हणजे ज्या एका नमुन्यावर ते नाव टांगलेलं आहे तो. जुन्या नावांचे टाइप बरेचदा युरोपातल्या म्युझियममध्ये असतात. तिथल्या क्युरेटरला नीट मेल करा, कुठली बाजू आणि कुठला अवयव हवाय ते स्पष्ट सांगितलं तर बरेच जण फोटो पाठवतात. तिथल्या पेट्यांमध्ये तुमचाच भुंगेरा बिननावाचा पडलेला असण्याची शक्यता पण भरपूर, डार्विननी 1832 मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका भुंगेऱ्याला नाव मिळालं 2014 मध्ये!

फरक दिसला तरी घाई नको. शेणभुंग्यांमध्ये एकाच प्रजातीत मोठ्या शिंगाचे नर असतात आणि जवळजवळ बिनशिंगाचे पण, ते अळी असताना किती खायला मिळालं त्यावर ठरतं. नुकताच कोषातून बाहेर आलेला भुंगेरा फिकट दिसतो. म्हणून रंग आणि आकार यावर भरवसा ठेवू नका, नराचं जननांग बघा. पोटाचं टोक काढून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवायचं, मऊ भाग विरघळला की बारीक सुईने एडिएगस (नराचं संभोगाचं अंग) वेगळा करून ग्लिसरीनमध्ये ठेवून बघायचा. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन भुंगेरे इथे कित्येकदा पकडले जातात (हायड्रॉक्साइडमध्ये फार वेळ ठेवलात तर सगळंच मऊ पडतं, अधूनमधून बघत राहा). डीएनए बारकोडची (प्रजाती ओळखायला वापरतात त्या डीएनएच्या ठराविक छोट्या तुकड्याची) साथ असली तर छानच, पण नुसत्या बारकोडवर नवीन प्रजाती उभी करणं मला पटत नाही.

लिहिताना सगळ्यात जास्त कष्ट डायग्नोसिसवर घ्या. लोक दोन पानं वर्णन लिहितात आणि डायग्नोसिस दोन वाक्यात उरकतात, खरंतर वाचणाऱ्याला तेच हवं असतं: हा भुंगेरा जवळच्या अमुक प्रजातीपासून नेमका कशाने ओळखायचा. "मोठा" नको, मिलिमीटर लिहा, सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा नमुना दोन्ही, आणि माप कुठून कुठपर्यंत घेतलं ते पण, कारण काही भुंगेरे डोकं आत ओढून घेतात आणि लांबी बदलते. वर्णनाचा क्रम ठरलेलाच आहे, डोकं, वक्ष, पंखकवच, पाय, पोट, जननांग. फोटो स्टॅकिंग करून काढा, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडून.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम थोडक्यात. 1999 नंतरच्या नावांना टाइप नमुना (सहसा होलोटाइप) ठरवणं सक्तीचं आहे आणि तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार ते पेपरात लिहावं लागतं. त्याला लाल लेबल लावायची पद्धत आहे, बाकीचे त्याच मालिकेतले नमुने पॅराटाइप. फक्त ऑनलाइन छापणार असाल तर आधी झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी करून ती पेपरात दाखवायला लागते, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही.

नावावर लोक उगाच आठवडे घालवतात. त्याच जीनसमध्ये ते नाव आधी वापरलेलं नाही एवढं तपासा. विशेषण असेल तर जीनसच्या लिंगाप्रमाणे शेवट बदलतो, पुरुषाच्या नावावरून ठेवलं तर शेवटी सहसा "आय" हे अक्षर येतं, स्त्रीच्या नावाला "एई". स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही पण कृपया देऊ नका, लोक हसतात.

प्रूफ आलं की नवीन नावाचं स्पेलिंग मथळ्यात, फोटोखाली, तक्त्यात सगळीकडे एकच आहे ना ते अक्षर-अक्षर लावून बघा, दोन स्पेलिंग छापली गेली तर खरं कुठलं हे नंतर कुणालातरी निवडावं लागतं. आणि पॅराटाइप जास्त असतील तर परवानगीत बसतंय ते बघून दोन-तीन म्युझियममध्ये वाटून टाका, एका ठिकाणी आग लागली तरी काहीतरी उरेल.