ऑक्टोबर हीटमधल्या कॉलेज मॅचेस: गॅलरीत बसणाऱ्यांची तयारी

मे महिन्यात भर दुपारची मॅच बघायला येणारा माणूस टोपी, पाणी, गॉगल घेऊनच घराबाहेर पडतो. ऑक्टोबरात तोच माणूस अर्धी बाटली पाणी आणि डोक्यावर काही नाही, असा येऊन बसतो. पुण्यात ऑक्टोबरचं कमाल तापमान सरासरी ३१-३२ अंशांच्या घरात असतं, एप्रिलपेक्षा पाच-सहा अंश कमी. त्यामुळे पेपरातला आकडा बघून कुणाला काही वाटत नाही, आणि हाफ टाइमला उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

याचं मुख्य कारण सवय मोडलेली असते. उन्हात वावरायला लागल्यावर शरीर १० ते १४ दिवसांत स्वतःत बदल करतं: घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, पण त्यातून मीठ कमी जातं आणि रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. जून ते सप्टेंबर ढगांखाली काढल्यावर ही कमाई निघून जाते. मग परतीचा पाऊस सरतो, आकाश एकदम स्वच्छ होतं आणि नेमक्या त्याच सुमाराला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक भरलेलं असतं. मैदानातली ओल अजून सुकलेली नसते, ती वाफ होऊन वर येते. म्हणून सकाळी नऊ-दहाला तापमान कमी असूनही चिकचिक जास्त होते.

पेपरातल्या आकड्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुण्यात शिवाजीनगरला शिमला ऑफिसजवळच्या वेधशाळेत तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत असतो. तुम्ही बसणार काँक्रीटच्या पायरीवर, उघड्यावर. थेट उन्हात अंगाला जाणवणारी उष्णता सावलीतल्यापेक्षा आठेक अंशांपर्यंत जास्त असू शकते. शिवाय पाषाणचा आणि लोहगावचा आकडा एकाच दिवशी वेगळा येतो. मॅच ज्या भागात आहे, तिथला बघा.

वेळ आणि जागा

पुण्यात सूर्य डोक्यावर येतो तो बाराला येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यात ती वेळ १२ वाजून २० मिनिटांच्या आसपास असते. सकाळी दहाच्या थोडं आधीपासून दुपारी पावणेतीनपर्यंत तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असते, आणि या वेळात कातडी सर्वांत जास्त भाजते. हवेचं तापमान मात्र दोन-अडीचनंतर शिखर गाठतं. म्हणजे १२ची मॅच कातडीला वाईट, अडीचची जिवाला. चारची मॅच असेल तर दुसऱ्या हाफला ऊन कलतं. महिन्याच्या मध्याला सूर्यास्त सव्वासहाच्या थोडा आधी होतो.

दुपारच्या मॅचला मैदानाच्या पश्चिम बाजूला बसा. ऊन पाठीवर येतं, डोळ्यांत जात नाही, आणि पश्चिमेला झाडं किंवा इमारत असेल तर तिची सावली सरकत सरकत आधी तुमच्याकडेच येते. पूर्वेला बसलेले लोक शेवटपर्यंत कपाळावर हात धरून बॉल शोधत असतात. सकाळच्या मॅचला हे सगळं उलटं. बालेवाडीसारख्या मोठ्या स्टेडियमला जाताना फोनवरच्या नकाशात दिशा आधी बघून ठेवा आणि मगच गेट निवडा, कारण आत गेल्यावर गोल फिरून पलीकडे जाणं म्हणजे उन्हातलाच व्यायाम.

टर्फ असेल तर जास्त जपा. प्लॅस्टिकचं गवत उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज तापतं, आणि ती धग कडेला उभं राहणाऱ्याच्या पायांपर्यंत येते. पातळ सोलच्या चपला घालून साइडलाइनला दीड तास उभं राहू नका. काँक्रीटच्या पायऱ्यांवर जाड घडी केलेली सतरंजी किंवा फोमची गादी हवी. वर्तमानपत्राच्या एका पानाने काही होत नाही, निदान सहा-सात पानांची घडी लागते.

पाणी

माणशी दीड लिटर. प्रवास, एक मॅच आणि परतीची वाट एवढ्याला ते पुरतं. लागोपाठ दोन मॅचेस असतील तर अडीच लिटर किंवा बाटली भरायची सोय आहे याची आधी खात्री. घरून निघायच्या दोनेक तास आधी दोन ग्लास पाणी पिऊन घ्या. मैदानावर दर २० मिनिटांनी १५०-२०० मिली, म्हणजे पाच-सहा घोट. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. पण ताशी दीड लिटरच्या वर साधं पाणी ढोसणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम खाली येतं.

गार पाण्यासाठी प्लॅस्टिकची बाटली अर्ध्याहून कमी भरून फ्रीझरमध्ये आडवी ठेवा आणि सकाळी वरून पाणी भरा. आडवी ठेवल्याने बर्फ बाजूला लांबट धरतो आणि तोंड मोकळं राहतं. काठोकाठ भरली तर फुटते, कारण गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं. स्टीलची बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका, तिचा तळ फुगून बाहेर येतो आणि मग ती टेबलावर डुगडुगत राहते. कॉलेजच्या ग्राउंडवर बाटली नेण्यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. तिकीट लावलेल्या सामन्यांना बऱ्याचदा गेटवरच काढून घेतात, तेव्हा तिकिटामागचा मजकूर वाचा.

नुसतं बसून मॅच बघणाऱ्याला ओआरएसची गरज नसते, साधं पाणी आणि मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा कोकम सरबत पुरे. जो सतत नाचतोय, ओरडतोय किंवा ज्याच्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे ओघळ दिसतायत, त्याला ओआरएस द्या. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतून "स्ट्राँग" केलेलं ओआरएस पोटात मुरडा आणतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातले गोड तयार खोके ओआरएस समजून घेऊ नका. ठरलेल्या सूत्राबाहेरच्या पेयांनी नावात ओआरएस वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली ती याच घोळामुळे.

ताक उत्तम, पण थर्मासमध्ये. साध्या बाटलीत दोन-तीन तासांत आंबतं. एनर्जी ड्रिंक नको. चहाने फार बिघडत नाही, एखादा कप घेतला तरी चालतो. पुणेकराला चहा सोडा म्हणून तो सोडणारही नाही. मॅचआधी मिसळ-वडापाव चेपून उन्हात बसलात तर मळमळ उष्णतेची की तेलाची हेच कळत नाही. पोहे, इडली किंवा दहीभात खाऊन निघा.

कपडे

कॉलेजच्या रंगाची जर्सी घालायची असेल तर सैल साइजची घ्या. अंगाला चिकटलेल्या पॉलिएस्टरमधून हवा खेळत नाही. टोपी चहूबाजूंनी काठ असलेली हवी. क्रिकेट कॅपमध्ये कान आणि मान उघडी राहतात, आणि भाजतात तेच. छत्री गॅलरीत उघडू नका, मागच्यांचं दिसणं बंद होतं आणि मग जे ऐकून घ्यावं लागतं ते उन्हापेक्षा तापदायक.

सगळ्यात स्वस्त आणि कामाची वस्तू म्हणजे सुती पंचा. ओला करून, पिळून, मानेभोवती टाका आणि दर १५-२० मिनिटांनी पुन्हा भिजवा. दुपारी हवा कोरडी झालेली असते, तेव्हा पाणी झपाट्याने उडतं आणि मान गार राहते. सकाळच्या दमट हवेत तेवढा उपयोग होत नाही. स्कूटरवर तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ मात्र बसल्यावर सोडा. डोळ्यांपर्यंत आवळून बांधलेल्या कापडात चेहऱ्याचा घाम उडतच नाही. तोच भिजवून मानेवर घेतला की झालं.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, निघायच्या १५-२० मिनिटं आधी. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं. दर दोन तासांनी पुन्हा.

ढोलवाले

हा भाग वेगळा लिहावा लागतो, कारण पुण्यात गणपती नुकतेच झालेले असतात, पथकात वाजवणारी मुलं हाताला खाज आल्यासारखी ढोल घेऊनच मॅचला येतात, आणि लोक त्यांना नुसते प्रेक्षक समजतात. कमरेला घट्ट बांधलेला ढोल घेऊन उन्हात वाजवणारा मुलगा मैदानातल्या मिडफिल्डरच्या तोडीची मेहनत करत असतो. मिडफिल्डरला निदान रेफ्री पाण्यासाठी थांबवतो: फुटबॉलच्या नियमांत पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा आणि अंग गार करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा ब्रेक देता येतो. ढोलवाल्याला कुणीच थांबवत नाही.

म्हणून आपणच नियम करायचा. १० ते १५ मिनिटं वाजवलं की ढोल दुसऱ्याच्या कमरेला, आणि तेवढाच वेळ सावलीत. पट्टा सोडून बसायचं, बांधलेल्या पट्ट्याने पोट आवळलं जातं आणि पाणी पिताना जिवावर येतं. फेटा बांधायचा असेल तर बक्षीस समारंभाला बांधा. डोक्यावर सात-आठ मीटर कापडाचे वेढे घेऊन दुपारी दोनला वाजवू नका. ज्याला आदल्या दिवशी ताप किंवा जुलाब होते, त्याने आज ढोल उचलायचा नाही, हौस कितीही असो.

कॉलेजतर्फे सोय करायची असेल तर

शंभर जणांना एका मॅचपुरते २० लिटरचे पाच जार किमान, आणि एक जास्तीचा. मांडववाल्याला हिरवी शेडनेट सांगा, बाजू उघड्या ठेवायला सांगा. ताडपत्री टाकली तर खाली भट्टी होते, वारा अडतो. मांडवाच्या एका कोपऱ्यात मोठा टब, बर्फ, दोन सुती चादरी, एक पुठ्ठा वारा घालायला आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला कागद ठेवा. हा बर्फ अंग गार करायला आहे, सरबतात टाकायला नाही. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम राज्यात २०१८ पासून आहे, तरी पांढरा दिसला म्हणून खायचा असतोच असं नाही.

कुणाला त्रास झाला तर

पोटरीत गोळा आला, चक्कर आली, घाम डबडबला, मळमळतंय, डोकं दुखतंय, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवं करा, पाय फूटभर वर, बूट-मोजे काढा, ओलं फडकं फिरवा, घोट घोट पाणी किंवा ओआरएस. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर गाठा.

बोलणं बरळल्यासारखं झालं, कुठे आहोत ते सांगता येईना, उगाच चिडायला लागला, तोल जातोय, झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं असायलाच हवं असं नाही. धावपळ किंवा वादन करून झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो, आणि "घाम येतोय म्हणजे ठीक आहे" या समजुतीत मोलाची मिनिटं जातात. शरीराचं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. १०८ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघत नुसते उभे राहू नका, गार करणं त्या क्षणी सुरू करा. बर्फाच्या पाण्यात भिजवलेली चादर अंगावर टाका, ती गरम झाली की दुसरी, सोबत जोरात वारा. मान, काखा आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ. पॅरासिटामॉल देऊ नका, या तापावर तिचा उपयोग नसतो. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, कांदा हुंगवत बसू नका.

आजी-आजोबा आणि लहान मुलं यांच्याकडे दर हाफला एकदा मुद्दाम बघा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी किती पाणी प्यायचं आणि उन्हात किती बसायचं ते आधी डॉक्टरांना विचारावं. पार्किंगमधल्या बंद गाडीत मूल किंवा कुत्रा ठेवू नका, अर्ध्या तासात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १५ अंशांहून जास्त चढतं.

आणि ढग

महिन्याच्या सुरुवातीला हस्ताचा पाऊस अजून सरलेला नसतो. दुपारी रणरण, चारच्या सुमाराला काळं भरून येतं आणि कडकडाट सुरू होतो. गारवा आला म्हणून गॅलरीत बसून राहू नका. गडगडाट ऐकू आला की झाडाखालून आणि उघड्या स्टँडमधून उठून पक्क्या इमारतीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

दोन दिवसांची स्पर्धा असेल तर पहिल्या दिवसाचा शीण दुसऱ्या दिवशी उतरलेला नसतो. रात्री लघवी गडद पिवळी दिसत असेल तर झोपण्यापूर्वी आणखी दोन ग्लास पाणी, जेवणात थोडं मीठ-लिंबू, आणि सकाळीही रंग तसाच असेल तर दुसऱ्या दिवशी फक्त संध्याकाळची मॅच बघा.