ऑनलाइन समुपदेशन घ्यायचंय? आधी एवढं करा

समुपदेशकाकडे जायला आयुष्यात काहीतरी भयंकर घडायलाच हवं असं नाही. साहेबांचा 'उद्या जरा बोलायचंय' असा मेसेज आला की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, एवढं कारण पुरतं. माझं तेच होतं.

निवडताना जाहिरातीतली गोड वाक्यं सोडा आणि सरळ विचारा: शिक्षण काय, अनुभव कशातला, माझ्या नोंदी कुठे राहतात, गोपनीयतेला अपवाद कोणते? उत्तर द्यायला जो कां-कू करतो, त्याला तिथेच राम राम. औषधं लागतील असं वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. तो डॉक्टर असतो, समुपदेशक औषधं लिहून देत नाही.

सत्र साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं. 'हल्ली बरं वाटत नाही' इथून सुरुवात केली तर निम्मा वेळ चाचपडण्यात जातो. त्यापेक्षा एकच ताजा प्रसंग लिहून न्या. मी वहीत असं लिहिलं होतं: 'संध्याकाळी मेसेज. मनात आलं, आता नोकरी जाणार. भीती १०० पैकी ८५. मग जुने मेल उघडून स्वतःच्या चुका शोधत बसले.' घटना, विचार, भावना, कृती अशी फोड करण्याची ही रीत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीतली आहे. माझ्या समुपदेशक बाईंनी वही बघून एवढंच विचारलं, "साहेब आणखी कशाकशासाठी बोलावू शकतात?" सुट्ट्यांचं वेळापत्रक, नवं काम, कुणाची तरी बदली... यादी लिहून झाल्यावर भीतीचा आकडा पुन्हा टाकला: ५०. गेली नाही, पण झोप लागण्याइतकी उतरली.

जागेचं म्हणाल तर घरात माणसं असताना मोकळेपणाने बोलणं अवघडच. मी दार लावून पंखा मोठा करते आणि हेडफोन लावते. कुणी उभ्या असलेल्या गाडीत बसून बोलतं. ऑफिसचा लॅपटॉप मात्र नको. स्क्रीनवरचा स्वतःचा चेहरा लपवून टाका, नाहीतर रडू आलं की लक्ष आपल्या नाकाकडेच जातं. कॉल तुटला तर परत कोणी लावायचा हेही आधीच ठरवा.

सत्राच्या सुरुवातीला समुपदेशकाने 'आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात?' असं विचारलं तर तो भोचकपणा नसतो. अडचण आली तर मदत कुठे पाठवायची, हे त्यांना माहीत असावं लागतं. जीव नकोसा वाटत असेल किंवा घरात मारहाण होत असेल, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. तातडीची सेवा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.

काही सत्रांनंतरही सूर जुळत नसेल तर गुपचूप गायब होऊ नका. 'आपलं जमत नाहीये असं वाटतंय, दुसरं कुणी सुचवाल का?' एवढा मेसेज पुरतो. चांगला समुपदेशक त्याचा राग धरत नाही, नाव सुचवतो.