क्वापेल व्हॅलीला गाडीने जाताय? या चुका टाळा

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताच्या राजधानीहून, म्हणजे रेजायनाहून, या दरीतलं फोर्ट क्वापेल गाव साधारण तासाभरावर आहे, हायवे १ ने बाल्गोनीपर्यंत जायचं आणि तिथून हायवे १० धरायचा, म्हणून "जवळच तर आहे" म्हणत लोक काहीच न बघता निघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मॅपने दाखवलेला शॉर्टकट. सस्कॅचवानमध्ये शेतांच्या कडेने चौकटीसारखे ग्रिड रोड आहेत, त्यातले काही खडीचे आणि काही निव्वळ मातीचे, आणि मॅपवर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. रेजायनाच्या आसपासची माती आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या मातीसारखीच चिकट, इथे तिला गंबो म्हणतात. आम्ही एकदा पावसाची सर येऊन गेल्यावर अशा रस्त्याला लागलो, अर्धा किलोमीटर पण गेलो नसू, मडगार्डच्या आत माती इतकी गच्च बसली की चाकच फिरेना, मग बोटांनी आणि टायर काढायच्या पान्याने उकरत बसलो. म्हणून सांगते, पाऊस झाला असेल तर डांबरी रस्ता सोडू नका. अडकलातच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक अजून खोल जातं. आल्या वाटेने हळू रिव्हर्स घ्या, नाहीतर माती वाळेपर्यंत थांबा.

खडीवर समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे व्हा, खडा उडून काच तडकते. कचकन ब्रेक मारू नका, गाडी घसरते. भाड्याची गाडी असेल तर खडीच्या रस्त्यावर झालेलं नुकसान इन्शुरन्समध्ये धरलंय का ते आधीच विचारा.

सपाट शेतं बघत जाताना रस्ता एकदम खाली उतरतो आणि तळी दिसतात, तेव्हा फोटोसाठी उतारावरच गाडी थांबवतात लोक!! प्लीज असं करू नका, मागच्याला तुम्ही दिसत नाही. दरीतल्याच लब्रे गावचं १९२५ चं दगडी चर्च आणि त्याच्या मागे टेकडीवरचं छोटं चॅपल बघायला निवांत वेळ ठेवा, तिथून हायवे ५६ तळ्याच्या कडेने कटेप्वा गावाला जातो, तो तर अजिबात घाईत जायचा रस्ता नाही.

दरीत रेंज जाऊ शकते, मॅप डाऊनलोड करून ठेवा आणि पेट्रोल फोर्ट क्वापेललाच भरा. एको व्हॅली पार्कला गाडीचं परमिट लागतं. या दरीत फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी आहेत, त्यांचा ब्रिटिश राजसत्तेशी १८७४ चा ट्रीटी ४ करार इथेच झाला, तेव्हा विचारल्याशिवाय कुठल्याही वाटेने आत शिरू नका. आणि संध्याकाळी परतताना एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच वेग वाढवू नका, मागून दुसरं येतंच.