ड्वार्फ फोर्ट्रेसमध्ये बॅरनसाठी बुरूज कसा बांधावा

ड्वार्फ फोर्ट्रेस या बुटक्यांची वसाहत उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये वसाहत पुरेशी श्रीमंत झाली की राजधानीचा प्रतिनिधी तुमच्यातल्या एका बुटक्याला बॅरन (सरदार) करण्याचा प्रस्ताव आणतो. मग त्याला निजायची खोली, जेवणघर, कचेरी आणि थडगं लागतं. मूळ सेटिंगमध्ये प्रत्येकाचं मूल्य किमान 500 हवं. शिवाय दोन पेट्या, एक कपाट, शस्त्रांचा एक रॅक, चिलखताचा एक स्टँड. हे सगळं जमिनीखालीही भागतं आणि खरं तर तिथेच स्वस्त पडतं. तरी बुरूज हवाच असेल तर पुढचं वाचा.

आधी ब्लॉक, म्हणजे घडीव दगड. दगडी कामाच्या वर्कशॉपमध्ये एका दगडातून चार ब्लॉक निघतात. ते उचलायला हलके, बांधायला झटपट, आणि ब्लॉकची भिंत ओबडधोबड दगडापेक्षा चढायला अवघड. बाहेरून 7×7 चौरस घ्या: भिंतीच्या 24 चौकटी, आत 5×5 जागा, त्यातली एक जिन्याची. म्हणजे मजल्यामागे 24 भिंती, 24 फरशा आणि एक जिना मिळून 49 ब्लॉक. चार मजले आणि वरचं छप्पर (25) धरलं तर 221 ब्लॉक, म्हणजे 56 दगड. थोडे जास्तच फोडून ठेवा.

जागेवरची झाडं तोडा, मग जिना आखा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या आवृत्तीत तो एकाच वेळी अनेक पातळ्यांवर ओढता येतो. भिंती एकेक पातळी पुरी करतच चढवा. भिंतीच्या माथ्यावर आपोआप चालण्याजोगी फरशी होते, त्यामुळे वरच्या मजल्याला आतली फरशीच घालायची असते. आधार बाजूने किंवा वरून-खालून लागतो, तिरपा चालत नाही. काही पाडायचं झालं तर वरून खाली पाडत या. खालचा आधार आधी काढलात तर वरचं सगळं कोसळतं.

काम थांबलं तर बहुधा चौकटीत एखादी वस्तू पडलेली असते. ती हलवा आणि थांबलेलं काम पुन्हा सुरू करा. भिंत पुरी होताना कामगार चुकीच्या बाजूला अडकला नाही ना, हेही बघा.

खोलीचं मूल्य मात्र उंचीने वाढत नाही. रचलेल्या भिंती-फरशीवर कोरीव काम होत नाही, ते फक्त नैसर्गिक खडकात; म्हणून थडगं तळघरात ठेवणं शहाणपणाचं. वर भर फर्निचरवर द्या. सामानाचे किमतीचे गुणक असे: साधा दगड 1, संगमरवर 2, सोनं 30, आणि अत्युत्कृष्ट कारागिरीचा गुणक 12. खुर्चीची मूळ किंमत 10. म्हणजे साध्या दगडाची अत्युत्कृष्ट खुर्ची 120, सोन्याची 3600. एकाच सोनेरी खुर्चीत कचेरी भागते! दोन खोल्यांचे झोन एकमेकांवर आखू नका, दोन्हींची किंमत घटते. आणि बॅरनपेक्षा खालच्या माणसाची खोली भारी झाली तर बॅरन रुसतो.

शेवटी दार. तळमजल्याच्या वाटेवर उचलता येणारा पूल बसवा. दिशा निवडताना 'उचल'चाच पर्याय घ्या. तरफेला एक आणि जोडणीला दोन असे तीन मेकॅनिझम (यांत्रिक सुटे भाग) लागतात. तरफ आत, वरच्या मजल्यावर ठेवा. उचललेला पूल वाट बंद करतो, पण उडणाऱ्या शत्रूंना अडवत नाही; छप्पर उघडं सोडलंत तर ते सरळ बॅरनच्या पलंगाशी येतात.